पॅनचा आवाज ऐका: टेक्स-मेक्स खिमा सँडविच

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय एका सँडविचबद्दल. आता रेडिओवर सँडविच काय दाखवणार असं तुम्ही म्हणाल, पण हे सँडविच डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त चांगलं जमतं, कसं ते सांगतोच. टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन वळणाच्या, स्टाइलचा खिमा, भाजलेल्या बनमध्ये, वर वितळलेलं चीज. कामावरून दमून आलोय, साडेसात वाजून गेलेत, घरातले सगळे आळीपाळीने फ्रिज उघडतायत आणि बंद करतायत, अशा संध्याकाळचं हे जेवण. पंचवीस-तीस मिनिटं आणि एक पॅन, बास.

आधी जरा हे कुठून आलं ते सांगतो, कारण मला त्यात मजा वाटते. टेक्स-मेक्स हा शब्द मुळात खाण्याचा नाहीच, तो रेल्वेचा. टेक्सास मेक्सिकन नावाची एक रेल्वे होती १९व्या शतकात, तिचं ते तोडलेलं नाव, खाण्याला ते चिकटलं खूप नंतर. खाणं मात्र जुनंच. टेक्सासच्या सॅन अँटोनिओ शहरात संध्याकाळ झाली की चौकात बायका टेबलं मांडून चिली कॉन कार्ने विकायच्या, मांस आणि लाल मिरची घालून रटरटवलेला झणझणीत प्रकार, लोक त्यांना चिली क्वीन म्हणायचे, आणि १९३०च्या दशकापर्यंत हे चालू होतं. आपलं सँडविच तिथलं नाही हां. सॉसमधला खिमा बनमध्ये भरायचा हा प्रकार, ज्याला अमेरिकेत स्लॉपी जो म्हणतात, तो अमेरिकेतल्याच आयोवा राज्याकडचा मानतात, आणि नक्की कुणी काढला यावर अजून भांडणं चालू आहेत. आपण काय करतोय, तर आयोवाच्या बनमध्ये सॅन अँटोनिओचा मसाला भरतोय. टेक्सासवाले चिलीच्या, म्हणजे त्या चिली कॉन कार्नेच्या, बाबतीत फार हळवे, १९७७ साली त्यांनी तिला राज्याची अधिकृत डिश करून टाकलं, आणि चिलीत बीन्स घातले तर काही जण खरंच बोलणं सोडतील. पण आपण चिली करतच नाही आहोत, सँडविच करतोय, तेव्हा बीन्स घालायचे असतील तर बिनधास्त घाला.

तर आता खिमा. चार जणांना अर्धा किलो पुरतो. बीफ, पोर्क, टर्की, चिकन, जे तुमच्या घरात चालतं ते, फक्त अगदीच बिनचरबीचा आणू नका, शंभरात पंधरा-वीस भाग चरबी असलेला बरा, कारण मसाला पुढे त्याच चरबीत फुलणार आहे. चिकनचा असेल तर दोन चमचे तेल जास्त. आणि एक काम बहुतेक लोक करत नाहीत, ते म्हणजे खिमा पाकिटातून काढला की किचन टिश्यूने वरून दाबून कोरडा करायचा. अर्धा मिनिट लागतो, त्यापेक्षा जास्त नाही.

आणि आता कान द्या. पॅन चांगला तापू द्या, खिमा पसरून टाका, टाकल्या टाकल्या सुर्रर्र असा आवाज येईल आणि आपल्याला वाटेल वा, भाजायला लागलं. थांबा. दोनेक मिनिटात तो आवाज बदलतो, बुडबुड बुडबुड असा ओला, जड आवाज येतो, म्हणजे खिम्याने पाणी सोडलंय आणि तो आता भाजला जात नाहीये, त्या पाण्यात उकडला जातोय. रंग बघा, करडा. बहुतेकांचं सँडविच इथेच फसतं, कारण या करड्या खिम्यावर लगेच कांदा टाकतात, टोमॅटो टाकतात, आणि मग वर कितीही मसाला घाला, चव उकडलेलीच लागते. पाणी आहे तोवर पॅनचा तळ शंभर डिग्रीच्या फारसा वर जातच नाही, आणि तो खमंग तपकिरी रंग यायला साधारण एकशेचाळीसच्या वर जावं लागतं. म्हणून काही करू नका. उलथणं खाली ठेवा. गॅस मोठाच. पाणी आटत आटत तीन-चार मिनिटांनी आवाज परत पातळ होतो, कोरडा, चर्र-चर्र-चट असा, आणि मधेच एखादा थेंब टचकन उडतो. हा आवाज आला की समजायचं आता फक्त चरबी उरलीय आणि आता खरं भाजणं सुरू झालं. अजून दोन मिनिटं हात लावायचा नाही. मग उलटा, खाली तपकिरी पापुद्रा धरलेला दिसेल.

हे भाजल्यावर रंग आणि चव ज्या रासायनिक क्रियेने बदलते तिच्यावर मायार नावाच्या फ्रेंच माणसाने १९१२ साली लिहिलं, आणि गंमत बघा, त्याच १९१२ साली तिकडे अमेरिकेत स्कोव्हिल नावाच्या फार्मासिस्टने मिरचीचा तिखटपणा मोजायची पद्धत काढली. एकाच वर्षात आपल्या सँडविचचं अर्धं शास्त्र झालं की.

पॅन छोटा असेल तर खिमा दोन वेळा करून भाजा, खरंच सांगतो, गर्दी केली की ते बुडबुड संपतच नाही.

आता मिरची, आणि इथे मी स्वतः मार खाल्लाय. पहिल्यांदा केलं तेव्हा कागदावर लिहिलेलं होतं दोन मोठे चमचे चिली पावडर, मी डब्यातली शुद्ध तिखट लाल मिरची पूड दोन मोठे चमचे घातली, वर जरा जास्तच. पहिला घास घेतला आणि घरात कुणी काही बोलेना, कारण बोलता येत नव्हतं. नाकातून पाणी, कानात शिट्ट्या, धाकटा सरळ दुधाच्या पिशवीकडे धावला. भानगड अशी की टेक्सासमध्ये चिली पावडर म्हणतात ते नुसतं तिखट नसतं, तो तयार मसाला असतो, सौम्य सुकी मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण, सगळं एकत्र. विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९०च्या दशकात टेक्सासच्या न्यू ब्राउनफेल्समध्ये तो दळून विकायला सुरुवात केली, म्हणजे हे रेडीमेड मसाल्याचं प्रकरणही सव्वाशे वर्षांचं आहे. तो मसाला मिळाला तर दोन मोठे चमचे घाला. नाही मिळाला तर घरी करा: दीड मोठा चमचा पॅप्रिका किंवा रंगाला लाल पण तिखटाला गरीब अशी कुठलीही मिरची पूड, दीड छोटा चमचा जिरेपूड, अर्धा छोटा चमचा ओरेगॅनो, तेवढीच लसूण पावडर, आणि खरं तिखट चिमूटभर, चाखून वाढवा. जिरं कमी करू नका. जिऱ्याचा तो दणदणीत वास हीच टेक्स-मेक्सची सही आहे, मेक्सिकोच्या आतल्या भागात जिरं इतकं सढळ हाताने घालत नाहीत.

खिमा भाजला की पॅनमध्ये एका बाजूला सरकवा, मोकळ्या जागेत एक बारीक चिरलेला कांदा आणि अर्धी सिमला मिरची, कडा सोनेरी होईपर्यंत. मग तीन लसूण पाकळ्या ठेचून, आणि त्यावर मसाला, थेट त्या चरबीत. पाणी नाही, टोमॅटो नाही, अजून काही नाही. मिरचीचा तिखटपणा आणि जिऱ्याचा वास दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही, आधी टोमॅटो ओतलात तर मसाला कच्चा पिठूळ लागतो. पण अर्धाच मिनिट हां, मसाला करपायला वेळ लागत नाही, वास आला की लगेच दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट टाकून घोळवा, ती लाल रंगावरून विटकरी रंगावर आली की एक कपभर टोमॅटो प्युरी, मीठ, एक छोटा चमचा साखर, एक चमचा व्हिनेगर. तळाला चिकटलेलं तपकिरी काय असेल ते उलथण्याने खरवडून घ्या, ते टाकू नका, त्यातच सगळी चव आहे. चिपोत्ले मिळाली, म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो नावाची मेक्सिकन मिरची, तर एक चिरून टाका, धुराचा वास येतो आणि माझ्या मते एवढ्या एका गोष्टीने सँडविच कुठल्या कुठे जातं.

आता परत आवाज. प्युरी घातली की पुन्हा बुडबुड, यावेळी ते चालेल, मंद गॅसवर सात-आठ मिनिटं. बुडबुडे मोठे होतात, फुटताना पच्च पच्च करतात, म्हणजे सॉस दाट झालाय. खरी टेस्ट अशी की उलथण्याने पॅनच्या मधून रेघ ओढा, रेघ लगेच भरून आली तर अजून पाणी आहे, दोन क्षण तशीच राहिली तर गॅस बंद. सॉस पातळ ठेवला तर तो बनमध्ये राहणार नाही, तुमच्या मनगटावरून कोपरापर्यंत जाईल.

शिजलंय की नाही यावर एकच गोष्ट सांगतो पण ती मनावर घ्या. बीफ-पोर्कचा मोठा तुकडा आतून थोडा गुलाबी राहिला तर चालून जातं, खिम्याचं तसं नाही, दळताना वरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात. बीफ-पोर्क ७१ डिग्री सेल्सिअस, चिकन-टर्की ७४. आपण इतका वेळ भाजून उकळवतोय म्हणजे हे आपोआप होतंच, पण फ्रीजरमधला गोळा घाईघाईत टाकला असेल आणि मधे गाठी राहिल्या असतील तर त्या फोडून बघा.

बन. बन कापून आतली बाजू बटर लावून पॅनवर दाबून भाजा, कडक कवच येईपर्यंत. ते बटर आणि ते कवच मिळून सॉस आत शिरू देत नाहीत, न भाजलेला बन चार मिनिटात लगदा होतो, पाचव्या मिनिटाला खाली पडतो. चीज बनवर नको, गरम खिम्यावर पॅनमध्येच पसरा आणि झाकण ठेवा, मिनिटभरात वितळतं आणि खिम्याला धरून ठेवतं. किसलेलं पाकिटातलं चीज मला आवडत नाही, चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च वगैरे लावलेलं असतं, नीट वितळत नाही, आपलं आपण किसलेलं बरं. वर लोणच्यातली हालापेन्यो घालणार असाल तर आधी निथळून घ्या, तेही पाणीच. कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू, ॲव्होकॅडो असेल तर दोन फोडी. लेट्यूस मी घालत नाही, गरम खिम्यावर ते बिचारं मरगळून पडतं.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी गरम करताना चमचाभर पाणी घालावं लागतं, हो, आता पाणी घाला म्हणतोय, कारण रात्रीतून खिमा सॉस पिऊन घट्ट बसलेला असतो.

खाताना ताटावर वाका, दोन्ही हातांनी धरा आणि एकदा उचललं की खाली ठेवू नका. जे पडेल ते चिप्सने उचलायचं. धाकटा आता मुद्दाम पाडतो. नमस्कार.