वाळवंटात पाणी पुरेसे असते: एडवर्ड ॲबीचा तिरकस शहाणपणा

नमस्कार. वाळवंटात पाण्याची टंचाई असते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. एडवर्ड ॲबी या अमेरिकी लेखकाचे म्हणणे मात्र असे होते की, तिथे पाणी अगदी हवे तेवढेच असते आणि झाडाझुडपांमध्ये, प्राण्यांमध्ये, माणसांच्या वस्त्यांमध्ये जे ऐसपैस अंतर दिसते, ते त्या मोजक्या पाण्यामुळेच राखले जाते. जिथे शहर वसवू नये तिथे ते वसवायला निघालात, तरच टंचाई भासते. समोरच्याची तक्रार खोडण्याऐवजी त्याचे मापच तपासायला घ्यायचे, ही ॲबीच्या विनोदाची रीत होती.

पेनसिल्व्हेनियात १९२७ मध्ये जन्मलेला ॲबी १९५६ आणि १९५७ च्या हंगामांत युटा राज्यातील मोआबजवळच्या आर्चेस येथे, लाल वालुकाश्माच्या नैसर्गिक कमानींच्या प्रदेशात, रेंजर होता. त्या अनुभवांतून १९६८ मध्ये ‘डेझर्ट सॉलिटेअर’ हे पुस्तक आले. नव्या डांबरी रस्त्यासाठी सर्वेक्षकांनी ठोकलेल्या खुंट्या आपण रात्रीच्या वेळी उपटून टाकल्या, असे तो त्यात बिनदिक्कत सांगतो. (सरकारी पगारावर असताना, हे विशेष.) पण त्याच प्रकरणातला त्याचा हिशेब मला खुंट्यांपेक्षा अधिक खोडकर वाटतो. अंतर हे वेगावर अवलंबून असते. तेव्हा राष्ट्रीय उद्यानांत खाजगी मोटारींना बंदी करा, लोकांना पायी, सायकलवर किंवा घोड्यावर फिरू द्या, म्हणजे सरकारी तिजोरीतला एक डॉलरही खर्च न होता उद्यानांचा विस्तार दहापट, शंभरपट होईल, असे तो म्हणतो. ऐकताना हसू येते, आणि मग लक्षात येते की हिशेबात चूक काढता येत नाही.

प्रस्तावनेत तर तो वाचकाला बजावतो की, हे प्रवासमार्गदर्शक नव्हे, थडग्यावरचा दगड आहे. तो पायावर पाडून घेऊ नका, काचेच्या एखाद्या मोठ्या वस्तूवर फेका. वाचकांनी यातले काही ऐकले नाही. आर्चेसमध्ये इतकी गर्दी होऊ लागली की २०२२ मध्ये मोटारीने येणाऱ्यांना हंगामात प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करावी लागली.

त्याचे हे तर्कट सगळीकडे सारखे चालत नाही. लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्या स्थलांतरितांना अमेरिकेने दार बंद करावे, असे त्याने पुढे लिहिले, आणि त्या लेखनात विनोद आटून नुसता कडवटपणा उरला. तिथे तो लोकसंख्यावाढीचाही दाखला देतो. स्वतः पाच मुलांचा बाप असलेल्या या लेखकाने आपले माप मात्र तपासले नाही.