करीच्या दिवसाची तारीख

(दृश्य: तालुक्याचा आठवडी बाजार. मिरच्यांचे ढीग, भरलेल्या पिशव्या, एसटी स्टँड. कुठल्याही बाईचा चेहरा दिसत नाही.)

निवेदन:
यवतमाळ जिल्ह्यातलं हे एक तालुक्याचं गाव. त्याचं नाव आम्ही सांगणार नाही. इथे येणाऱ्या बाया आसपासच्या खेड्यांतल्या आहेत, आणि खेड्यात ही कुणाची सून हे कळायला नाव लागत नाही, नुसती पाठ दिसली तरी पुरते. म्हणून या फिल्ममध्ये त्यांचे चेहरे नाहीत आणि त्यांचे आवाजही नाहीत.

घरात मार खाणाऱ्या, हाकलून दिलेल्या बायांसाठी इथे एक मदत केंद्र चालतं. सगळ्यात जास्त गर्दी बाजाराच्या दिवशी. बाजाराला जाते म्हटलं की घरातून निघता येतं. भाजी घ्यायची, तेल घ्यायचं, आणि परतीच्या गाडीआधी जो वेळ उरतो त्यात इथे येऊन बसायचं. काही जणी बसतात आणि काहीच न बोलता उठून जातात. पुढच्या बाजाराला परत येतात.

(दृश्य: केंद्राची खोली. भिंतीला चालू वर्षाचं कालनिर्णय, त्याच खिळ्याला मागच्या वर्षांची. टेबलावर वही.)

निवेदन:
टेबलापलीकडे केंद्राच्या ताई बसल्या आहेत. त्यांच्या शेजारी वही घेऊन बसलेली मुलगी विद्यार्थिनी आहे. समाजकार्य महाविद्यालयातून क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे प्रत्यक्ष काम करत शिकायला, मुलंमुली इथे येतात, कधी कायद्याच्या वर्गातून येतात, आणि आता ऑन जॉब ट्रेनिंगमुळे इतर शाखांमधूनही येऊ लागली आहेत. येताना बहुतेकांच्या मनात एकच असतं: आपण समुपदेशन करणार, एखादीला सोडवणार. सुरुवातीला त्यांना तसलं काही करू दिलं जात नाही. पाणी द्यायचं, कडेवरचं लेकरू घ्यायचं, आणि ऐकलेलं लिहायचं. मधे प्रश्न विचारायचा नाही.

हे लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही.

बाई सांगते, सोयाबीन सोंगायच्या वक्ती त्यानं डोक्यात पाट घातला. पोळ्याच्या करीच्या दिवशी दारू पिऊन आला अन् रातभर बाहेर उभं ठेवलं. धाकटी झाली तवा सव्वा महिनाही झाला नव्हता. तिच्या सांगण्यात काळ असा पिकांनी, सणांनी आणि बाळंतपणांनी मोजलेला असतो. सरकारी कागदाला मात्र तारीख लागते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली जो घटना अहवाल भरला जातो, त्याच्या नमुन्यात हिंसेची तारीख, ठिकाण आणि वेळ यांचा रकानाच आहे. तो अहवाल भरण्याचं काम संरक्षण अधिकाऱ्याचं, म्हणजे याच कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याचं, किंवा नोंदणी झालेल्या सेवा पुरवठादार संस्थेचं. पण त्याआधी घटनांची ओळ लावून द्यावी लागते, आणि ती विद्यार्थिनी लावते.

(दृश्य: जुनी कालनिर्णय उलटणारे हात.)

निवेदन:
म्हणून ही जुनी कॅलेंडरं जपून ठेवली आहेत. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्यामुळे पोळा उशिरा, १४ सप्टेंबरला आला. २०२४ साली तो २ सप्टेंबरला होता, म्हणजे कर ३ तारखेला. मग बाईला विचारायचं, थोरला त्या वर्षी कितवीत होता? पावसानं कापूस भिजला तेच वर्ष ना? एकेक धागा धरत तारखेपर्यंत जायचं. आणि ज्या घटनेची तारीख सापडत नाही तिथे ती रचायची नाही. "साधारण सोयाबीन कापणीच्या दिवसांत" असंच लिहायचं. उलटतपासणीत वकील पहिलं बोट खोट्या नेमक्या तारखेवरच ठेवतो.

महाविद्यालयात शिकलेली भाषा इथे आड येते, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं. बाई सांगते, "मायं लेकरू उपाशी निजवलं." वहीत उतरतं, "आर्थिक व मानसिक छळ." ताई ते खोडायला लावतात. कायद्यातला प्रकार रकान्यात जाऊ दे, पण आधी तिचं वाक्य जसंच्या तसं आलं पाहिजे. ते वाक्य तिचं आहे आणि तेच पुढे कोर्टात टिकणार आहे.

(दृश्य: बाजाराच्या पिशवीवर ठेवलेले दोन हात.)

निवेदन:
आता या केंद्रात सतत ऐकू येणारी गोष्ट. "मले फारकत नाई पायजे. मार बंद झाला पायजे, एवढंच."

शिकायला आलेली मुलगी इथे अडखळते. तिला वाटतं, एवढं होऊनही ही परत त्याच घरात जाणार? पण बाईचा हिशेब पक्का असतो. शेत सासऱ्याच्या नावावर. माहेरी भावाचा संसार. पोरीचं लग्न दोन-तीन वर्षांवर आलेलं. घर सोडलं तर तिच्या हातात उरतं काय?

२००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, तो नेमका या बाईसाठी आहे. नवऱ्याला जेलात घातलंच पाहिजे किंवा फारकत घेतलीच पाहिजे, असं त्यात नाही. कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी हिंसा थांबवण्याचा आदेश, म्हणजे संरक्षण आदेश, देतात. कलम १७ म्हणतं, घर कुणाच्याही नावावर असो, तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. कलम १९ खाली तिला घराबाहेर काढायला मनाई करता येते. लेकरांचा ताबा आणि खर्च, हेही त्याच अर्जात मागता येतं. माहेरी आली असेल तर माहेरच्या तालुक्याच्या कोर्टातही अर्ज चालतो. आणि उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

छळाचा फौजदारी गुन्हा वेगळा. भारतीय दंड संहितेत १९८३ साली आलेलं ४९८ अ हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं. तो रस्ता कधी धरायचा, धरायचा की नाही, हे तीच ठरवते. ताई ठरवत नाहीत, विद्यार्थिनी तर नाहीच.

गावात याच्या आधीच बरंच काही होऊन गेलेलं असतं. भावकीची बैठक, तंटामुक्त समिती, पोलीस पाटील. स्टॅम्प पेपरवर "यापुढे मारणार नाही" असं लिहून घेतलेलं असतं. बाई तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपते, आणि पहिल्यांदा तोच पुढे करते. तो तिच्या हातात असताना त्याला कागदाचा तुकडा म्हणायचं नाही, हेही विद्यार्थ्यांना शिकावं लागतं. पण समजावून सांगावंच लागतं. तो करार मोडला म्हणून पोलीस नवऱ्याला उचलत नाहीत. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि पोलीस थेट अटक करू शकतात.

(दृश्य: तालुका कोर्टाची पडवी. बाकावरच्या चपला, फाइली.)

निवेदन:
कायद्यात लिहिलंय, अर्जाची पहिली सुनावणी शक्यतो तीन दिवसांत, आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न. पडवीत एक दिवस बसलं की विद्यार्थ्यांना वाचलेलं आणि घडणारं यातलं अंतर कळतं. तारीख पडते, मग पुढची पडते. कापूस वेचणीच्या दिवसांत तारखेला येणं म्हणजे रोजी बुडवणं, कारण वेचणीची मजुरी किलोवर असते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, याचा इथे मोठा आधार आहे.

मुलामुलींना आणखी एक सवय लावली जाते. बाईला आपणहून फोन करायचा नाही. तो फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. एसटीत बसून केसबद्दल बोलायचं नाही, वर्गाच्या ग्रुपवर काही टाकायचं नाही. महाविद्यालयाला द्यायच्या अहवालात नाव, गाव, जात, मुलांची शाळा, यातलं काहीच जाता कामा नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशभरातल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. जी इथवर येते ती किती अडथळे ओलांडून येते, ते यावरून समजावं. अशी बाई बाजाराचे चार दिवस गप्प बसून पाचव्या वेळी बोलते, आणि तेव्हा समोरच्या मुलीचं क्षेत्रकार्य संपलेलं असतं. हे आम्हांला फार खटकलं. एका महिन्याची नेमणूक महाविद्यालयाच्या वेळापत्रकाला सोयीची असेल, बाईला नाही. म्हणून या केंद्रात मुलगी पहिल्याच दिवशी सांगते, "मावशी, मी दिवाळीपर्यंतच आहे. नंतर ताई आहेतच." ताईंशिवाय ती एकटी कुणाचीही हकीकत ऐकत नाही.

शेवटच्या आठवड्यात नव्या नोंदी घेणं बंद होतं. प्रत्येक फाइलवर पुढची तारीख, सोबत कोण जाणार, कोणता कागद यायचाय, हे लिहून ती ताईंच्या हातात द्यायची. वर्षभर आठवड्यातले दोन दिवस येणारे विद्यार्थी आम्हांला पाठवा, आणि त्यांचं एसटीचं भाडं महाविद्यालयानं द्यावं, एवढी या केंद्राची मागणी आहे. ती रास्त आहे.

(पडद्यावर अक्षरं: महिला हेल्पलाइन १८१. तातडीच्या मदतीसाठी ११२.)