लाईन गेली, लाईन फुटली, लाईन लागली

श्रोतेहो, नमस्कार.

"लाईन गेली." दोनच शब्द. मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात हे दोन शब्द उच्चारले की 'कोणती लाईन?' असं कुणी विचारत नाही. पंखा थांबलेला असतो. पण "लाईन फुटली" म्हटलं की नजर पंख्याकडे जात नाही, रस्त्यावर वाहणाऱ्या पाण्याकडे जाते. "लाईन लागली" म्हटलं की पिशवी आणि रेशनकार्ड घेऊन निघायचं. "लाईन कट झाली" म्हणजे फोन. आणि "लाईन मारतो" म्हटलं की घरातली वडीलधारी मंडळी रेडिओचा आवाज कमी करतात, तेव्हा ते तिथंच सोडू.

तर आज बोलायचंय ते या एका इंग्रजी शब्दाबद्दल. लाईन. आणि पहिली गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण ती पुन्हा लागणार आहे. लाईनचा अर्थ लाईनमध्ये नसतो, तो तिच्या मागून येणाऱ्या क्रियापदात असतो. जाते-येते ती वीज. फुटते ते पाणी. लागते ती माणसांची. कट होते तो फोन. क्रियापदाकडे कान द्यायचा, अर्थ आपोआप कळतो.

इंग्रजांचं वेगळं. त्यांनी एकाच नावात सगळं कोंबलं. आपल्याकडे कामागणिक शब्द होते. वहीवर रेषा आखतात, पुस्तकात ओळ वाचतात, माणसांची रांग लागते, तिफणीनं शेतात तास पडतं. आता या सगळ्यांच्या जागी लाईन बसली. तरी सगळी जागा तिनं घेतलेली नाही. तुळजापुरात देवीपुढं आजही दर्शनाची रांगच असते, लाईन असते ती रेशन दुकानापुढं. देवाच्या दारात मराठी टिकते, सरकारच्या दारात टिकत नाही. याचा विचार भाषेची काळजी करणाऱ्यांनी जरूर करावा.

हा शब्द आला कुठून, तर जवसातून. हो, आपलं जवस. जवसाच्या झाडाला लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणतात. त्याच्या खोडाचा धागा निघतो, त्या धाग्याची दोरी ती 'लिनिया', आणि तिची पुढं झाली लाईन. लिननचं कापड म्हणतात तेही त्यातलंच. म्हणजे लाईनचा मूळ अर्थ रेघ नाही, ताणलेली दोरी. आपण जवसाचा धागा काढला नाही, चटणी केली. आणि चटणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावं, पूर्ण गार होऊ द्यावं आणि खलबत्त्यातच कुटावं. मिक्सर जास्त फिरला की जवसाला तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. असो.

ताणलेली दोरी हा मूळ अर्थ आजही कुणाच्या हातात आहे म्हणाल, तर गवंड्याच्या. त्याची लाईनदोरी. भिंतीच्या दोन्ही टोकांच्या विटा आधी ओळंबा लावून बसवायच्या, त्यांच्यामध्ये दोरी ताणायची आणि मधल्या विटा त्या दोरीनं लावत जायच्या. चुका दोनच होतात. दोरी सैल राहिली तर मधोमध झोळ पडतो आणि थर खाली बसतो. आणि दुसरी चूक, वीट दोरीला टेकते. वीट दोरीपासून सूतभर आत पाहिजे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एक वीट टेकली की ती दोरीला बाहेर ढकलते, पुढची वीट त्या ढकललेल्या दोरीला लागते, आणि भिंतीला पोट येतं. नीट बसलेल्या भिंतीला आपला गवंडी 'सुतात आहे' म्हणतो. त्यांची लाईन जवसाच्या धाग्याची, आपलं सूत कापसाचं. कल्पना एकच.

आता विजेची लाईन, थोडक्यात. शेतात थ्री फेज लाईन येते म्हणजे तीन तारा येतात. पण कधी कधी "लाईन आली" हे दोन तृतीयांशच खरं असतं. एक फेज गेलेला असतो. अशा वेळी स्टार्टरचं बटण दाबलं की मोटार फिरत नाही, नुसती घुमते. घुमली की लगेच बंद करायची. पुन्हा पुन्हा दाबून बघायचं नाही. उरलेल्या फेजमधून जादा करंट ओढला जातो आणि वाइंडिंग जळतं. म्हणून बोर्डावर तीन फेजचे तीन दिवे लावा, तिन्ही सारखे पेटले तरच बटण दाबा. दुसरं, लाईन आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्विच लावून झोपी जाणं. लाईन आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणाला उठतात, व्होल्टेज बसतं आणि फ्यूज उडतो. मग म्हणायचं, लाईन आली आणि लगेच गेली. ती गेली नाही हो, आपण घालवली.

आता वळतो रेल्वेच्या लाईनकडे, कारण खरं तर तिथंच यायचं होतं. रेल्वेत दोन शब्द फार मोलाचे आहेत. लाईन क्लिअर. पुढच्या स्टेशनापर्यंतचा रूळ रिकामा आहे, असं पुढच्या स्टेशनानं कळवल्याशिवाय मागचं स्टेशन गाडी सोडत नाही. आपण लग्न ठरल्यावर, साहेबाची सही झाल्यावर 'लाईन क्लिअर' म्हणतो, ते इथलं.

तर गोष्ट 2016 सालच्या उन्हाळ्याची, लातूरची. तुमच्यातल्या पुष्कळांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे. तरी सांगतो, कारण या शब्दाचे सगळे अर्थ एकाच गावात, एकाच महिन्यात गोळा झाले ते तिथं.

लातूरला पाणी येतं मांजरा धरणातून, केज तालुक्यातल्या धनेगावहून. लागोपाठच्या दुष्काळानं धरण कोरडं पडलं. म्हणजे पाण्याची लाईन शाबूत, तिच्यात पाणी नाही. फुटायलाही काही उरलं नाही. मग टँकर, आणि टँकर भरायच्या टाक्यांवर माणसांची लाईन. लाईन वाढली तशी भांडणं वाढली, आणि मार्च महिन्यात प्रशासनानं पाणीसाठ्यांच्या आसपास 144 कलम लावलं. पाचापेक्षा जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही. हे जरा थांबून ऐका. पाण्यासाठी लाईन लावणं बेकायदा ठरलं.

मग ठरलं, रेल्वेनं पाणी आणायचं. कुठून, तर मिरजेहून, कृष्णेचं. तेल वाहणाऱ्या टाक्यांचे डबे राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन घेतले. ते मिरजेला आले. एका डब्यात सुमारे 50 हजार लिटर पाणी भरलं. डबा याहून मोठा असतो, पण पाणी पेट्रोल-डिझेलपेक्षा जड. काठोकाठ भरलं तर वजन चाकांना झेपत नाही. 50 हजार लिटर म्हणजे 50 टन, आणि आपल्या घरच्या मापात 200 लिटरची अडीचशे टिपाडं. अशा 10 डब्यांची पहिली गाडी 11 एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास मिरजेहून सुटली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास लातूरला पोचली. अंतर साधारण 340 किलोमीटर, वेळ अठरा तास. ताशी वीस किलोमीटरही पडत नाहीत. पण आली.

आता या गोष्टीतला जो भाग कुणी सांगत नाही, तो सांगतो. ही गाडी कोणत्या रुळावरून आली? पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव, लातूर. ही जुनी बार्शी लाईट रेल्वेची लाईन. आजोबा-पणजोबा जिला बार्शी लाईट म्हणायचे तीच. ती लातूरला पोचली 1911 मध्ये, मिरजेला 1927 मध्ये. पण ती होती अरुंद, दोन रुळांमध्ये अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आजच्या रुंद मार्गाचं अंतर 1676 मिलिमीटर, साडेपाच फूट. 2016 च्या आधीच्या काही वर्षांतच ही लाईन टप्प्याटप्प्यानं रुंद झाली, काही ठिकाणी वाटही बदलली. ते काम रेंगाळलं असतं, तर देशभर फिरणारे ते टाक्यांचे डबे या रुळावर चढलेच नसते. रुंदीकरण व्हावं म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं अर्ज केले ते मुंबईला जायला. उपयोगी पडलं ते पाणी यायला.

लातूर स्टेशनात गाडी लागली. डब्यांना पाइप जोडले, पाणी जवळच्या एका मोठ्या विहिरीत सोडलं, तिथून शुद्धीकरणाला, तिथून टँकरनं वस्त्यांवर. आता हिशेब करा. 10 डबे म्हणजे 5 लाख लिटर. शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या वर. माणशी जेमतेम सव्वा लिटर, एक-दीड तांब्या. पुढं 50 डब्यांच्या गाड्या सुरू झाल्या, 25 लाख लिटरच्या, तेव्हा माणशी साडेसहा लिटर पडलं. अर्धी घागर. शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या. गाडीला नाव दिलं 'जलदूत'. नाव चांगलंच आहे, पण दूत निरोप आणतो. हिनं अर्धी घागर आणली, आणि तिचंच मोल होतं.

म्हणजे बघा, एका एप्रिलमध्ये लातुरात पाण्याची लाईन कोरडी, माणसांच्या लाईनीवर बंदी, आणि रेल्वेची लाईन पाण्याची लाईन झालेली. पुढं पावसाळा लागला, गाड्या थांबल्या, मांजरा भरलं. आणि लातूरकर पुन्हा आपल्या जुन्या प्रश्नावर आले, उजनीची लाईन कधी येणार? इथं क्रियापद 'येणार' आहे, तरी अर्थ विजेचा नाही, पाण्याचा आहे. मघाशी सांगितलेला नियम लातूरच्या हद्दीत चालत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे.

लाईनला लागणं, कुठल्या लाईनचा मुलगा बघायचा, मेडिकल लाईन, ऑनलाईन, हे सगळं राहिलंच. पण काचेपलीकडून हात हललाय, म्हणजे पुढच्या कार्यक्रमाला लाईन क्लिअर.

नमस्कार.