काकांनी मारलेली थाप

[रात्र. रिकामी गच्ची, एका कोपऱ्यात रचलेल्या खुर्च्या.]

हळदीची रात्र होती. गच्चीवर सतरंजी, कागदावर खारे दाणे, स्टीलचे पेले. चौथा रिकामा झाला तरी माझे पाय सरळ पडत होते. धाकट्या काकांनी पाठीवर थाप मारली. "याला चढतच नाही! बापाचं नाव काढलंस बघ."

मला बरं वाटलं होतं. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. शेवटी शेवटी पोटात पाणी झालं होतं त्यांच्या.

"रक्तातच आहे," असं आपल्याकडे सहज म्हणतात. पण पिणाऱ्याचा मुलगा वाढतोही पिणाऱ्याच्याच घरात. मग रक्त किती आणि घर किती, हे वेगळं कसं काढायचं?

डेन्मार्कमध्ये दत्तकविधानाच्या नोंदी नीट ठेवलेल्या होत्या. मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतून ५५ पुरुष शोधले. जन्मदात्यांपैकी एकाला दारूचं व्यसन, पण मूल सहा आठवड्यांचं व्हायच्या आतच परक्या घरी गेलेलं. १९७३ साली निष्कर्ष छापून आले. या ५५ पैकी १० जण व्यसनी झाले होते. असा वारसा नसलेल्या ७८ दत्तक मुलांत फक्त ४. ज्या बापाचं तोंडही पाहिलं नाही, त्याचं काहीतरी मुलापर्यंत पोचलं होतं.

मी मात्र दुसऱ्याच आकड्यापाशी थांबलो. ५५ मधले ४५ सुटले होते.

दारूचं असं एकच जनुक नसतं. पुष्कळ जनुकं असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून धोक्याचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक धरतात. काही जनुकं तर राखणही करतात. पूर्व आशियात अनेकांच्या शरीरात दारू पचवणारं एक एन्झाइम नीट चालत नाही. थोडी घेतली तरी चेहरा लाल होतो, मळमळतं, छाती धडधडते. त्यांच्यात व्यसन कमी आढळतं. शरीरच त्यांचा हात धरतं.

माझा हात कुणी धरला नव्हता.

कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला मनोविकारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुणांना मोजून दारू पाजली. काही पिणाऱ्यांची मुलं, काही इतर. पाय जुळवून, हात खाली सोडून उभं केलं आणि अंग किती डुलतं ते मोजलं. रक्तातली दारू सारखीच, पण पिणाऱ्यांच्या मुलांतले बरेच जण कमी डुलले. साधारण दहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. पिणाऱ्यांच्या ज्या मुलांना कमी चढली होती, त्यांतले ५६ टक्के व्यसनात अडकले होते. ज्यांना चांगली चढली होती, त्यांतले १४ टक्के.

कारण समजायला सोपं आहे. चढेपर्यंत माणूस घेत राहतो. ज्याला उशिरा चढते त्याचे पेले वाढतात, आणि बरोबरीला बसणारेही तसेच जमतात. काकांनी त्या रात्री कौतुकाने थाप मारली, ती धोक्याच्या खुणेवर.

[स्वयंपाकघर. सकाळ. दोन कप चहा.]

भाचा आता नोकरीला लागलाय. परवा फोनवर हसत म्हणाला, "मामा, पार्टीत सगळे आडवे झाले, मला काहीच झालं नाही."

रविवारी त्याला घरी बोलावलंय. त्याच्या आजोबांचे दवाखान्याचे कागद अजून ताईच्या कपाटात आहेत. येताना ती फाइल घेऊन ये म्हटलंय.