‘ब्लॅकमेल’मधली ती सकाळची न्याहारी

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओ ऐकणाऱ्यांना मनापासून आवडेल अशा एका चित्रपटाबद्दल आज बोलायचं आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘ब्लॅकमेल’, साल १९२९. मूळ नाटक चार्ल्स बेनेट यांचं. १९२८ साली ते लंडनच्या रंगभूमीवर आलं आणि वर्षभरात एल्स्ट्रीच्या स्टुडिओत त्याचं चित्रीकरणही झालं.

ॲलिस ही एका दुकानदाराची मुलगी. तिचा मित्र फ्रँक स्कॉटलंड यार्डात डिटेक्टिव्ह. त्याच्याशी खटका उडतो आणि ती एका चित्रकाराच्या खोलीवर जाते. तो तिच्यावर जबरदस्ती करू लागतो. आपल्याला दिसतो फक्त हलणारा पडदा, आणि त्यातून बाहेर आलेला तिचा हात. हाताला लागते ती पावाशेजारची सुरी.

चित्रपट आधी मूकपट म्हणून सुरू झाला होता. मग ध्वनियंत्रणा आली आणि बरेच प्रसंग पुन्हा चित्रित करावे लागले. अडचण नायिकेची होती. ॲनी ओंड्रा प्राग शहरात वाढलेली, तिचे इंग्रजी उच्चार लंडनच्या मुलीला शोभणारे नव्हते. आवाज नंतर भरण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून जोन बॅरी ही अभिनेत्री कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर मायक्रोफोनपाशी उभी राहून संवाद म्हणायची, आणि ॲनी फक्त ओठ हलवायची. अशा ओढाताणीतून काही धड निघेल, असं कुणाला वाटलं असतं?

पण दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीचा प्रसंग ऐका. दारात उभी राहून एक शेजारीण खुनाबद्दल अखंड बडबडते आहे. हळूहळू तिचं बोलणं अस्पष्ट होत जातं. स्पष्ट ऐकू येतो एकच शब्द, ‘नाइफ’. पुन्हा ‘नाइफ’, पुन्हा ‘नाइफ’. वडील ॲलिसला पाव कापायला सांगतात. ती सुरी उचलते, तोच तो शब्द एकदम मोठ्यानं आदळतो आणि सुरी तिच्या हातून उडते.

बोलपटाची नुकती सुरुवात होती. पडद्यावर माणसं बोलतात याचंच लोकांना अप्रूप. त्या काळात हिचकॉक यांनी आपल्याला ॲलिसच्या कानांनी ऐकायला लावलं. खोलीत सगळे तेच ऐकत आहेत, पण आपण ऐकतो ते फक्त तिला ऐकू येतं. माझ्या मते हा चित्रपट मोठा ठरतो तो इथे, ॲलिसला ब्लॅकमेल करणाऱ्या माणसाच्या, ब्रिटिश म्युझियमच्या घुमटावरच्या त्या प्रसिद्ध पाठलागामुळे नव्हे.

शेवटी फ्रँकनं ॲलिसला बेड्या घालाव्यात, असं हिचकॉक यांच्या मनात होतं. तसं झालं नाही. कबुली द्यायला ती पोलिसांकडे जाते, नेमका तेव्हाच साहेबांचा फोन वाजतो आणि तिचं सांगणं राहून जातं. ती सुटते, पण खून भलत्याच माणसाच्या, त्या ब्लॅकमेल करणाऱ्याच्या माथी मारला जातो म्हणून. मला हा शेवट बेड्यांपेक्षा कठोर वाटतो.

मूक आणि बोलकी, दोन्ही रूपं आजही पाहायला मिळतात. तुम्ही बोलकं रूप आधी पाहा, आणि न्याहारीचा प्रसंग आला की आवाज थोडा वाढवा.