दूधसागरच्या मागचं रान

(दृश्य: धो धो पाऊस, बोगद्यातून बाहेर पडणारी गाडी)

कर्नाटक-गोवा सीमेजवळचं कॅसलरॉक स्टेशन मागे पडलं की गोवा एक्सप्रेस घाट उतरायला लागते. चढ बोरघाटाइतकाच, 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. वर जाणाऱ्या मालगाड्यांना मागून बँकर इंजिनं रेटा देतात. बोगद्यामागून बोगदे जातात आणि एका वळणावर अख्खा डबा एकाच बाजूच्या खिडक्यांवर लोटतो. दूधसागर! चार टप्प्यांत 310 मीटर खाली येणारं पाणी. जुलैत त्याचे तुषार थेट डब्यात येतात.

मिनिटभरात धबधबा मागे पडतो आणि मंडळी पुन्हा मोबाइलमध्ये. खरं तर बघण्यासारखं रान तिथून पुढे आहे.

(दृश्य: वरून दिसणारं दाट जंगल)

हे भगवान महावीर अभयारण्य. क्षेत्र 240 चौरस किलोमीटर. 1969 साली अभयारण्य झालं आणि 1978 मध्ये त्याच्या गाभ्यातल्या 107 चौरस किलोमीटरला मोले राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. बेळगावहून अनमोड घाटाने पणजीला जाणारा रस्ता याच्याच पोटातून जातो.

(दृश्य: झाडाची साल, अगदी जवळून)

ही माट्टी, म्हणजे आपला ऐन. गोव्याचा राज्यवृक्ष. साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी खवल्यांची. काही ऐनांच्या खोडात तर उन्हाळ्यातही पाणी सापडतं. याच सालीवर नजर ठेवा. सालीचा एक तुकडा हलला, तर तो उडता सरडा. नर गळ्याखालची पिवळी झालर फडकवतो, बरगड्यांवरचा पडदा पसरतो आणि तरंगत पलीकडच्या खोडावर जातो. कॅमेरा सरसावेपर्यंत पुन्हा सालीत मिसळलेला.

या रानाची जमीन पाऊस मुरवून घेते आणि पुढचे कित्येक महिने ओहोळांतून सोडत राहते. दूधसागर नदी पुढे खांडेपार होते, ओप्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला पाणी देते आणि मग मांडवीला मिळते. फोंड्यात, पणजीत सकाळी नळ सोडला की येतं ते हेच पाणी.

म्हणूनच इथल्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणावरून गोवा पेटला. नोव्हेंबर 2020 मध्ये दक्षिण गोव्यातल्या चांदर गावात लोक रात्रभर रुळांपाशी बसून होते. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते घाटाखालचं कुळे या टप्प्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. कोळसा वाहणाऱ्या मालगाड्यांसाठी हे रान कापायचं का, हा प्रश्न गोंयकारांनी योग्य वेळी विचारला, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य: ओढा ओलांडणारी जीप)

धबधब्याच्या पायथ्याशी जायचं तर कुळ्याहून जीप. पावसाळ्यात ती बंद असते, पाऊस ओसरल्यावर सुरू होते. वाटेत ओढे लागतात, शेवटचा टप्पा धोंड्यांवरून पायी. लाइफ जॅकेट सक्तीचं. खाऊची पिशवी हातात मिरवू नका, माकडं हिसकावतातच. आणि रुळांवरून चालत जायचा नाद नकोच. त्याला बंदी आहे. जुलै 2023 मध्ये असे गेलेल्यांना पोलिसांनी तिथेच उठाबशा काढायला लावल्या होत्या.

गर्दी टाळायची असेल तर तांबडी सुर्ल गाठा. महादेवाचं कदंब राजांच्या काळातलं, काळ्या दगडातलं देऊळ, शेजारून वाहणारी सुर्ला नदी आणि रानातून धबधब्याकडे जाणारी पायवाट. पाऊस असेल तर वन खात्याच्या माणसांना विचारूनच त्या वाटेला लागा.