जुन्या कंपनीची पेन्शन, छोट्या कंपनीचा शेअर

मंडळी, आजचा विषय ब्रिटनमधला आहे. तिथल्या शेअरबाजारातल्या छोट्या कंपन्यांवर बोलायचं तर पेन्शन फंडातल्या तुटीबद्दल बोलावंच लागतं. आपल्याकडे ताळेबंद वाचणारे लोक कर्ज बघतात, येणी बघतात, प्रवर्तकांनी शेअर तारण ठेवलेत का तेही बघतात. तिथे एवढ्यावर भागत नाही. कंपनीनं एक रुपयाही कर्ज काढलेलं नसतं, नफा बरा असतो, पीई (शेअरचा भाव दर शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे ते) आठच्या आसपास असतो, आणि तरीही शेअर वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. कारण वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये, बरंच मागे, दडलेलं असतं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात कारखान्यांनी कामगारांना शब्द दिला होता: इतकी वर्षं नोकरी करा, शेवटच्या पगाराच्या प्रमाणात मरेपर्यंत पेन्शन देऊ. पैसे वेगळ्या ट्रस्टमध्ये ठेवायचे, त्यावर विश्वस्त नेमायचे, आणि फंडात पैसे कमी पडले तर कंपनीनं भरायचे. पुढे माणसं जास्त जगू लागली आणि व्याजदर खाली आले. त्यात १९९१ साली वृत्तपत्रांचा मालक रॉबर्ट मॅक्सवेल याच्या मृत्यूनंतर त्याच्या मिरर समूहाच्या पेन्शन फंडातले पैसे त्यानं इतरत्र वळवल्याचं उघड झालं, आणि कायदे कडक होत गेले. २००० साली आलेल्या हिशेबाच्या नव्या नियमानं ही तूट आधी टिपांमध्ये आणि काही वर्षांत थेट ताळेबंदात आणली. २००४ च्या कायद्यानं पेन्शन नियामकाला मोठे अधिकार दिले. बहुतेक कंपन्यांनी या योजना नव्या माणसांसाठी केव्हाच बंद केल्या. पण दिलेला शब्द कायम आहे.

माझा मुद्दा एवढाच आहे. पेन्शनच्या देण्याचा आकार कंपनीच्या भूतकाळावर ठरतो आणि शेअरची किंमत तिच्या आजच्या कमाईवर. मोठी कंपनी मोठीच राहिली तर दोन्हींचा मेळ बसतो. पण जी कंपनी एके काळी मोठी होती आणि आज छोटी आहे, तिथे ही दोन मापं एकमेकांशी जुळत नाहीत. वाटण्या होऊन मोठं घर मोडलं, शेती एकानं नेली, दुकान दुसऱ्यानं नेलं, आणि म्हाताऱ्यांना पोसायची जबाबदारी मात्र सगळ्यात कमी मिळकत वाट्याला आलेल्या धाकट्यावर पडली, तसं हे असतं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे युनिक. हे नाव आपल्या ओळखीचं नाही, पण युनिगेट हे नाव ब्रिटनमध्ये घरोघरी पोचलेलं होतं. १९५९ साली युनायटेड डेअरीज आणि काउ अँड गेट एकत्र येऊन युनिगेट झाली. दारात दुधाच्या बाटल्या ठेवणारी ही प्रचंड कंपनी. २००० साली तिनं दुधाचा आणि चीजचा धंदा डेअरी क्रेस्टला विकला आणि नाव बदलून युनिक ठेवलं. २००१ साली विंकँटन ही मालवाहतुकीची कंपनी वेगळी काढली. शेवटी मागे उरली सँडविच, सॅलड आणि गोड पदार्थ बनवून दुकानांना पुरवणारी एक छोटी कंपनी. मार्क्स अँड स्पेन्सर हा तिचा मोठा गिऱ्हाईक. युनिगेटच्या काळातल्या हजारो लोकांची पेन्शन मात्र तिच्याच गळ्यात राहिली, आणि तूट तिच्या बाजारमूल्याच्या कित्येक पट झाली.

सँडविच विकून ती तूट कधीच भरून निघणार नव्हती. मग २०११ साली नियामकाच्या मान्यतेनं असा तोडगा निघाला की कंपनी पेन्शनच्या देण्यातून मोकळी होणार आणि त्या बदल्यात पेन्शन योजनेला कंपनीचे ९०.२ टक्के शेअर मिळणार. जुन्या भागधारकांकडे उरले ९.८ टक्के. त्याच वर्षी आयर्लंडच्या ग्रीनकोरनं अख्खी कंपनी ११.३ कोटी पाउंडांना घ्यायचं ठरवलं. त्यातले जुन्या भागधारकांच्या वाट्याला साधारण १.१ कोटी आले, बाकीचे पेन्शनधारकांकडे गेले. म्हणजे धंद्याला किंमत होती, आणि चांगली होती. फक्त ती भागधारकांची नव्हती. ज्यांनी पहाटे उठून दूध वाटलं त्यांचा हक्क आधी होता, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. शेअर घेणाऱ्याला हा क्रम आधी ठाऊक असायला हवा, इतकंच.

आता जरा आकडे मांडतो. कंपनी काल्पनिक आहे, पण प्रमाणं तिथे सर्रास दिसणारी आहेत. बाजारमूल्य ४ कोटी पाउंड. निव्वळ नफा ५० लाख, म्हणजे पीई ८. पेन्शनची एकूण देणी २० कोटी, फंडातली मालमत्ता १८ कोटी, तूट २ कोटी. कंपनी तुटीपोटी जे पैसे भरेल त्यावर करात सूट मिळते. तिथला कंपनी कर २५ टक्के धरला तर तुटीचा खरा भार दीड कोटी. ४ कोटींच्या कंपनीवर दीड कोटीचं कर्ज आहे असं समजून बरेच जण इथेच थांबतात.

थांबू नये, कारण २ कोटी हा आकडा दोन मोठ्या आकड्यांमधला फरक आहे आणि दोन्ही सतत हलत असतात. पुढची चाळीस-पन्नास वर्षं द्यायची पेन्शन आजच्या किमतीत आणायला एक डिस्काउंट रेट लागतो. हिशेबाच्या नियमांप्रमाणे तो उत्तम पत असलेल्या कंपन्यांच्या बाँडवरच्या व्याजावरून घेतात. देण्यांची सरासरी मुदत १५ वर्षं असेल आणि हा दर अर्ध्या टक्क्यानं खाली आला, तर देणी साधारण साडेसात टक्क्यांनी फुगतात. २० कोटींवर साडेसात टक्के म्हणजे दीड कोटी. फंडानं बाँड घेऊन हा धोका झाकलेला नसेल, तर दर अर्धा टक्का हलला म्हणून बाजारमूल्याच्या साडेसदतीस टक्क्यांएवढी नवी तूट उभी राहते. कारखान्यात काहीही बदललेलं नाही, मालाला मागणी तीच आहे. म्हणून मी तुटीच्या आधी एकूण देणी आणि बाजारमूल्य यांचं प्रमाण बघतो. इथे ते पाच पट आहे, म्हणजे देणी एक टक्का वाढली की, करसवलत सोडून, भागधारकाचे पाच टक्के गेले. हीच २० कोटींची देणी १०० कोटींच्या कंपनीकडे असती, तर त्यांच्याकडे कोणी वळूनही बघितलं नसतं.

आता रोख रकमेकडे येऊ. दर तीन वर्षांनी विश्वस्तांचा ॲक्च्युअरी (विमा-पेन्शनचं गणित मांडणारा तज्ज्ञ) फंडाचं मूल्यांकन करतो आणि तूट निघाली तर कंपनीनं किती वर्षांत किती भरायचं याचा करार होतो. आपल्या कंपनीनं वर्षाला ३० लाख भरायचं कबूल केलंय असं धरा. ही रक्कम नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दिसत नाही. तिथे दिसतं फक्त तुटीवरचं कागदोपत्री व्याज, दर पाच टक्के धरला तर १० लाख. हे व्याज कर वजा जाता साडेसात लाख होतं, आणि ते रोख जात नाही म्हणून ५० लाखांत परत मिळवा. झाले साडेसत्तावन्न. त्यातून भरलेले ३० लाख, करसवलत धरून साडेबावीस, वजा करा. राहिले ३५ लाख. यंत्रांवरचा खर्च घसाऱ्याइतकाच आहे असं मानलं, तर ४ कोटींच्या कंपनीत भागधारकाच्या हाताशी येणारी रोकड ३५ लाख. पीई आठचा अकराच्या पुढे गेला. बाजार हा शेअर ‘स्वस्त’ ठेवतो तो उगाच नाही.

इथे एक चूक हमखास होते. कोणी कंपनीच्या किमतीतून तूट कर्ज म्हणून वजा करतं आणि पुन्हा दरवर्षीच्या रोकडीतूनही ते ३० लाख वजा करतं. एकच ओझं दोनदा मोजलं जातं. दोन्हींपैकी एक वाट धरावी. मला स्वतःला रोकडीची वाट बरी वाटते, कारण विश्वस्तांशी झालेला करार लेखी असतो, तर तुटीचा आकडा ३१ डिसेंबरला एक आणि ३१ मार्चला दुसरा असू शकतो.

शिवाय तूट एकच नसते. ताळेबंदात दिसते ती हिशेबाच्या नियमांची. विश्वस्त मोजतात ती जास्त सावध अंदाजांची, आणि हप्ते तिच्यावरच ठरतात. तिसरी विमा कंपनीच्या भावानं: सगळी देणी कायमची विमा कंपनीच्या गळ्यात घालायची तर ती किती मागेल? हा आकडा बहुधा सगळ्यात मोठा असतो, आणि कंपनी बुडाली किंवा विकायला निघाली की तोच पुढे येतो. बीएचएस ही दुकानांची साखळी मार्च २०१५ मध्ये १ पाउंडाला विकली गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये कोसळली, तेव्हा पेन्शनमधली तूट या मापानं ५७.१ कोटी पाउंड होती. आधीचे मालक सर फिलिप ग्रीन यांना २०१७ साली ३६.३ कोटींपर्यंत भरायचं मान्य करावं लागलं. म्हणून तूट असलेली कंपनी घ्यायला कोणी आलं की त्याची पहिली खरी वाटाघाट विश्वस्तांबरोबर होते. छोट्या कंपनीच्या शेअरला ‘उद्या कोणी चढ्या भावानं विकत घेईल’ या आशेचा जो भाव मिळतो, तो इथे आटतो.

लाभांशाचंही तेच. भागधारकांना वाटप जास्त आणि पेन्शनला हप्ता कमी असेल, तर विश्वस्त आणि नियामक प्रश्न विचारतात. जानेवारी २०१८ मध्ये बुडालेल्या कॅरिलियन या बांधकाम कंपनीवर संसदेच्या समित्यांनी जे ताशेरे ओढले, त्यात लाभांश देत राहून पेन्शनला मागे ठेवल्याचा मुद्दा ठळक होता.

मुंबईशी याचा थेट संबंध आहे. टाटा स्टीलनं २००७ साली ६२० कोटी पाउंडांना कोरस ही पोलाद कंपनी घेतली तेव्हा तिच्याबरोबर ब्रिटिश स्टीलची पेन्शन योजनाही आली. २०१७ साली ती योजना कंपनीपासून तोडण्यासाठी ५५ कोटी पाउंड आणि ब्रिटनमधल्या कंपनीतला ३३ टक्के हिस्सा द्यावा लागला. टाटा स्टील मोठी म्हणून पेलू शकली.

याच विषयावरच्या माझ्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, की मग असा शेअर घेऊच नये का? घ्यावा, पण कुठल्या दिशेला पैज लावतोय ते कळून. व्याजदर वाढले की हेच गणित उलटं फिरतं. २०२२ साली तसंच झालं. सप्टेंबरअखेर सरकारी रोख्यांचे भाव इतके कोसळले की कर्जाऊ पद्धतीनं रोखे धरलेल्या पेन्शन फंडांना तारण भरता भरता नाकी नऊ आले, आणि बँक ऑफ इंग्लंडला २८ सप्टेंबरला ६,५०० कोटी पाउंडांपर्यंत रोखे घेण्याची तयारी जाहीर करावी लागली. पण धूळ खाली बसल्यावर दिसलं की व्याजदर वाढल्यानं देणीही आटली होती, आणि अनेक योजनांची तूट नाहीशी झाली होती. ज्या छोट्या कंपन्यांचे हप्ते थांबले त्यांच्या भागधारकांना ती रोकड मोकळी झाली.

तरी नफा आणि तोटा इथे सारखे वाटले जात नाहीत. तूट आली तर ती पूर्ण कंपनीनं भरायची. शिल्लक उरली तर ती सहजी बाहेर काढता येत नाही: योजनेचे नियम, विश्वस्तांची संमती, आणि काढली तरी कर, जो एप्रिल २०२४ पर्यंत ३५ टक्के होता आणि नंतर २५ झाला. म्हणून ताळेबंदात ५० लाखांची पेन्शन शिल्लक दिसली तर मी तिची किंमत शून्य धरतो. विमा कंपनीनं सगळी देणी उचलली आणि तरी पैसे उरले, तरच ती मोजतो.

दुसरा प्रश्न होता, की आपल्याकडे असा धोका आहे का? आपल्या खासगी कंपन्यांत आजन्म पेन्शनचा शब्द क्वचितच असतो, त्यामुळे माणूस किती जगेल हा धोका कंपनीवर नाही. पण ग्रॅच्युइटी आहे: शेवटच्या पगाराचे दर वर्षामागे १५ दिवस, २६ दिवसांचा महिना धरून, आणि २०१८ पासून कमाल २० लाख. जुनी माणसं जास्त असलेल्या छोट्या कारखान्यात ही रक्कम भरते, आणि काही ठिकाणी तिच्यासाठी वेगळा फंडच नसतो. त्याहून कमी पाहिली जाणारी गोष्ट म्हणजे कंपनीचा स्वतःचा भविष्य निर्वाह निधी ट्रस्ट. इपीएफओनं जाहीर केलेला दर ट्रस्टला देता आला नाही, तर फरक मालकानं भरायचा असतो. २०१८ साली आयएलअँडएफएस या पायाभूत सुविधांना पैसे पुरवणाऱ्या कंपनीनं पैसे थकवले तेव्हा तिचे रोखे घेतलेल्या ट्रस्टांच्या कंपन्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. पुढच्या वेळी अहवाल हातात घ्याल तेव्हा ‘कर्मचारी लाभ’ ही टीप काढा, देण्यांचा एकूण आकडा बाजारमूल्याशेजारी लिहा, आणि डिस्काउंट रेट अर्धा-एक टक्का हलला तर काय होईल हे सांगणारा त्याच टिपेतला छोटा तक्ता वाचा.